थिसिसच्या शेवटच्या पानांकडे कोणीतरी बघा हो : केमिस्ट्रीच्या अभ्यास मंडळांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या केमिस्ट्री अभ्यास मंडळांचे सगळे सदस्य, आणि सोबत पीएचडीचे गाईड सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रोसेस आर अँड डीमध्ये काम करते. काम काय, तर कोणीतरी कुठेतरी छापलेली रिअॅक्शन आधी छोट्या फ्लास्कमध्ये चालते का बघायची, मग लिटरमध्ये, आणि मग प्लांटवाल्यांशी भांडायचं. त्यामुळे पेपर, पेटंट, थिसिस हे सगळं आमच्यासाठी वाचून ठेवायचं नसतं, करून बघायचं असतं. आणि करून बघायला घेतलं की सगळ्यात आधी उघडे पडतात ते रेफरन्स. यील्ड (किती माल निघाला) वगैरे नंतर.

पेपरात लिहिलेलं असतं की हे इंटरमीडिएट (मधल्या टप्प्याचा पदार्थ) रिपोर्टेड प्रोसिजरने बनवलं, आणि वर बारीकसा १४. ठीक आहे, १४ काढला. १४ वाले म्हणतात आम्ही आधीच्या पद्धतीत थोडा बदल करून बनवलं, रेफरन्स ९. बदल काय ते नाही सांगत. ९ काढला तर तो रिव्ह्यू (आधीच्या कामांचा नुसता आढावा) निघतो, त्यात एका स्कीममध्ये फक्त बाण आहे आणि बाणावर रिएजंटचं नाव, बाकी सॉल्व्हंट नाही, तापमान नाही, काही नाही. अनोळखी गावात पत्ता विचारावा आणि प्रत्येकाने "पुढं जाऊन विचारा" म्हणावं तसं चालतं हे, आणि शेवटचा माणूस तर गावचाच नसतो. मूळ प्रोसिजर कुठे आहे? बरेचदा ती असते, कुठल्यातरी जुन्या पेपरच्या सप्लिमेंटरीत किंवा 'ऑरगॅनिक सिंथेसेस' या प्रकाशनात चक्क दुसऱ्या लॅबने करून तपासलेली असते, पण तिथपर्यंत कोणी गेलेलंच नसतं कारण मधल्या पेपरचा रेफरन्स उचलून डकवणं सोपं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. आपल्याकडे थिसिसचे शब्द तपासले जातात, रेफरन्स तपासले जात नाहीत. केमिस्ट्रीत हे बरोब्बर उलटं असायला हवं होतं.

यूजीसीचे २०१८ चे प्लेजरिझमचे, म्हणजे मजकूरचोरीचे नियम तर आता पोरांना पाठच असतात, १० टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर माफ, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० ला वर्षभर थिसिस देता येणार नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. आता त्याच नियमांत पुढे लिहिलंय की टक्के मोजताना रेफरन्स, बिब्लिओग्राफी, अनुक्रमणिका, आभार हे सगळं वगळायचं. वगळायलाच पाहिजे, एकच पेपर हजार जणांनी साइट केला तर ती ओळ हजार ठिकाणी जुळणारच, त्यात चोरी कसली. पण याचा परिणाम काय झाला बघा ना. शेवटची वीस-पंचवीस पानं मशीन (प्लेजरिझमचं सॉफ्टवेअर) बघत नाही, गाईड बघत नाहीत कारण त्यांना वाटतं मशीनने बघितलं, एक्झामिनर पहिलं पान उलटून आपला पेपर साइट केलाय का तेवढं बघतात (रागावू नका, करतात), आणि लायब्ररीत तर फक्त टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे अख्ख्या थिसिसमध्ये हा एकच भाग असा की जो लिहिणाऱ्याशिवाय कोणीच वाचलेला नसतो, आणि कधीकधी लिहिणाऱ्यानेही नाही.

वर त्या टक्क्यांच्या भीतीने एक्सपेरिमेंटल सेक्शनची काय वाट लागते ते वेगळंच. सलग १४ शब्दांपर्यंत जुळलं तर चालतं, पण एक्सपेरिमेंटलमध्ये एथिल अॅसिटेटने काढलं, सोडियम सल्फेटवर वाळवलं, रोटाला (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राला) लावलं हे सगळं जग एकाच शब्दांत लिहितं. मग पोरगं घाबरून शब्द बदलतं. 'रिफ्लक्स' जाऊन 'बॉइल' येतं, 'ड्रॉपवाइज' जाऊन नुसतं 'स्लोली' येतं, 'पोर्शनवाइज' (थोडं थोडं करून घालणं) तर गायबच होतं. अहो एक्झोथर्मिक, म्हणजे स्वतःच तापणाऱ्या रिअॅक्शनमध्ये त्या एका शब्दावर बॅच राहते किंवा जाते! त्यापेक्षा प्रोसिजर जशी आहे तशी लिहा आणि शेजारी खरा रेफरन्स द्या, हे जास्त प्रामाणिक आणि जास्त उपयोगी. पण आपण टक्के कमी करायला सांगतो आणि पोरं टक्के कमी करतात.

आता उदाहरणं देते, नाहीतर तुम्ही म्हणाल कंपनीवाले नुसते बोलतात.

आपल्या राज्यात बहुतेक प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये एकतरी जण मिथिलीन ब्लू हा रंग कशावर तरी शोषून घेत असतो, उसाचं चिपाड, केळीची साल, भाताचा तूस, जे मिळेल ते. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाहीये. त्यात कायनेटिक्सला (शोषण किती वेगाने होतं त्याला) लागरग्रेनचं १८९८ चं समीकरण येतंच येतं. मूळ लेख जर्मन भाषेत आहे आणि छापला होता स्वीडनच्या रॉयल अकादमीच्या कार्यवृत्तात, त्या कार्यवृत्ताच्या लांबलचक नावात 'स्वेन्स्का' म्हणजे स्वीडिश असा शब्द आहे. आता रेफरन्स लिस्टा चाळून बघा, किती ठिकाणी लेखक म्हणून "एस. लागरग्रेन आणि बी. के. स्वेन्स्का" अशी जोडी सापडते! हा स्वेन्स्का नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नाही, जर्नलच्या नावाचा तुकडा लेखकाच्या जागी जाऊन बसला आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने त्याला सहलेखक करून टाकलं. पान नंबरही कुठे १ ते ३९, कुठे १ ते १३. या एकाच रेफरन्सच्या घोळावर युह-शान हो यांनी २००४ मध्ये सायंटोमेट्रिक्समध्ये वेगळा पेपर लिहिला, हे तेच हो ज्यांचा मॅकेबरोबरचा १९९९ चा स्यूडो सेकंड ऑर्डरवाला (शोषणाच्या वेगाच्याच दुसऱ्या समीकरणाचा) पेपर तुमची पोरं पुढच्याच ओळीत साइट करतात. म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस त्याच लिस्टमध्ये खाली बसलाय, तरी वरची चूक तशीच.

आणि यावर उपाय काय जर्मन शिकायचं असं नाही. मूळ वाचलं नसेल तर सरळ लिहा की अमक्या पेपरात दिल्याप्रमाणे, आणि तो अमका पेपर साइट करा. यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही. न वाचलेल्या १८९८ च्या लेखापेक्षा वाचलेला २००४ चा लेख कधीही बरा.

दुसरं उदाहरण ग्राफीन ऑक्साईडचं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण यात माणूस भाजू शकतो. सगळीकडे लिहिलेलं असतं "मॉडिफाइड हमर मेथड". पहिलं म्हणजे त्याचं नाव हमर्स, हमर नाही. हमर्स आणि ऑफमन, जॅक्स (जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी), १९५८, व्हॉल्यूम ८०, पान १३३९, सगळं मिळून एका पानाचा पेपर आहे, वाचायला दहा मिनिटं लागत नाहीत. त्यात १०० ग्रॅम ग्रॅफाइट, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर सल्फ्युरिक, ३०० ग्रॅम परमँगनेट, घालताना तापमान २० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, मग ३५ च्या आसपास अर्धा तास. २०१० मध्ये राइस युनिव्हर्सिटीच्या जेम्स टूर यांच्या ग्रुपने, पेपरवर पहिलं नाव मार्कानो, एसीएस नॅनोमध्ये (एसीएस म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटी) वेगळी रेसिपी दिली, सोडियम नायट्रेट काढून टाकलं, सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ९ ला १, परमँगनेट ग्रॅफाइटच्या सहापट म्हणजे आधीच्या दुप्पट, आणि ५० डिग्रीला १२ तास. या दोन वेगळ्या रिअॅक्शन आहेत हो. आणि मुलं करतात दुसरी, लिहितात मॉडिफाइड, साइट करतात १९५८, नाहीतर दोन्हीची खिचडी करतात आणि रेफरन्स तिसऱ्याच कुठल्यातरी कॉम्पोझिटच्या पेपरचा देतात ज्याने स्वतः काही सांगितलेलंच नाही. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक आणि परमँगनेट एकत्र आले की मँगनीज हेप्टॉक्साईड तयार होतं, आणि ते तापलं की त्याचा स्फोट होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्फोटासाठी ५५ डिग्रीचा आकडा लिटरेचरमध्ये दिलेला आहे. २० च्या खाली ठेवायची पद्धत की ५० ला ठेवायची पद्धत हे ज्याला रेफरन्सवरून कळायला पाहिजे त्याला चुकीचा रेफरन्स मिळाला तर काय होईल? मॉडिफाइड लिहिलंत तर काय मॉडिफाय केलं ते एका ओळीत लिहा, एवढंच.

गोल्ड नॅनोपार्टिकलवाल्यांचं (सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवणाऱ्यांचं) पण तेच, टुर्केविच १९५१ साइट करतात आणि सायट्रेटचं प्रमाण बदलून साइज बदलायची पद्धत वापरतात, जी फ्रेन्सची, १९७३. आणि फ्रेन्सचा पेपर 'नेचर' मध्ये नाही, 'नेचर फिजिकल सायन्स' मध्ये आहे, ते वेगळं जर्नल होतं आणि थोडीच वर्षं चाललं. नेचर लिहिलं की लिस्ट भारी दिसते, काय करणार.

थिअरीवाले हसत असतील तर थांबा जरा. बी-थ्री-एल-वाय-पी (कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित करायची एक पद्धत) वापरलं की सगळे डोळे मिटून बेके, १९९३, जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स, ९८, ५६४८ टाकतात. तो पेपर उघडा. तीन पॅरामीटरची कल्पना त्यात आहे, पण त्यातला कोरिलेशनचा (इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या परिणामाचा) भाग पर्ड्यू-वांगचा आहे, ली-यांग-पार नाही. आज ज्याला बी-थ्री-एल-वाय-पी म्हणतात ते त्या रूपात आलं स्टीफन्स, डेव्हलिन, शाबालोव्स्की आणि फ्रिश यांच्या १९९४ च्या पेपरात, जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री, ९८, ११६२३. गंमत म्हणजे दोन्हीचा व्हॉल्यूम ९८, आणि जर्नलची नावं अशी की शॉर्ट फॉर्ममध्ये फक्त केम आणि फिज जागा बदलतात. तिन्ही पेपर साइट करावेत, बेके, ली-यांग-पार आणि स्टीफन्स, पण कोणी काय केलं ते माहीत असावं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत विचारून बघा एकदा.

क्रिस्टलवाल्यांचं तर याहून भारी. शेल्ड्रिक यांचे २०१५ चे दोन पेपर आहेत, एक क्रिस्टलचं स्ट्रक्चर सोडवायच्या शेलएक्स-टी या प्रोग्रॅमवर आणि एक ते नेमकं करायच्या (रिफाइनमेंटच्या) शेलएक्स-एल वर. पहिला अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए, व्हॉल्यूम ७१, पान ३ ते ८. दुसरा अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका सी, व्हॉल्यूम ७१, पान ३ ते ८. लेखक तोच, साल तेच, व्हॉल्यूम तोच, पानं तीच, फरक एका अक्षराचा! इथे कॉपी-पेस्ट करणारा पडलाच म्हणून समजा. आणि त्यांचा २००८ चा शेलएक्सच्या इतिहासाचा पेपर इतका साइट झाला की अॅक्टा ए चा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) दोनच्या आसपास होता तो २००९ ला ४९.९२६ वर गेला. एका पेपरमुळे. इम्पॅक्ट फॅक्टरवर प्राध्यापकांचे एपीआय स्कोअर (बढतीसाठीचे गुण) मोजणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

अँगेवान्टे या जर्मन जर्नलचं वेगळं प्रकरण आहे, जर्मन आणि इंटरनॅशनल अशा दोन आवृत्त्या, लेख एकच पण व्हॉल्यूम आणि पानं वेगळी. क्लिक केमिस्ट्रीचा कोल्ब, फिन, शार्पलेसचा पेपर इंटरनॅशनलमध्ये २००१, ४०, २००४ असा आहे. यातलं २००१ हे साल आणि २००४ हे पान. एसीएसच्या स्टाइलमध्ये साल बोल्ड आणि व्हॉल्यूम इटॅलिक का करतात ते इथे कळतं, ती काही नटवानटवी नाही. फॉरमॅट म्हणजे क्लार्कचं काम असं समजणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

आता तुम्ही म्हणाल चुका कोणाच्या होत नाहीत. होतात ना. पण टायपिंगची चूक आणि उचललेली चूक यात फरक आहे, आणि तो मोजताही येतो. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये फिजिक्समधल्या एका गाजलेल्या पेपरची, कोस्टरलिट्झ-थाउलेस १९७३, सायटेशन तपासली. ४३०० सायटेशनमध्ये १९६ चुका, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५, आणि एकच चुकीचा पान नंबर ७८ वेळा. ७८ माणसांचं बोट एकाच चुकीच्या बटणावर पडेल का? त्यावरून त्यांनी अंदाज काढला की साइट करणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ पेपर वाचतात. अंदाजच आहे, त्यावर वाद घाला हवं तर, पण दिशा कळते.

आणि न वाचलेलं सोडा, नसलेलंही साइट होतं. एल्सविअर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक खोटा रेफरन्स दिलेला होता, व्हॅन डर गीर वगैरे, द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल, व्हॉल्यूम १६३, पान ५१ ते ५९. असा पेपर नाही, असं जर्नलही नाही. तरी जवळजवळ ४०० पेपरांत तो साइट झालेला निघाला, २०१७ मध्ये अॅन-विल हार्झिंग यांनी हे प्रकरण जगासमोर मांडलं. टेम्प्लेट डाऊनलोड केलं, नमुना पुसायचा राहिला, छापून आलं. गाईड, रिव्ह्यूअर, एडिटर, सगळ्यांच्या डोळ्याखालून.

हे चॅटबॉटच्या आधीचं आहे बरं का. आता तर मशीनला दहा रेफरन्स दे म्हटलं की दहा मिळतात, लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) पण १०.१०२१ ने सुरू होणारा म्हणजे दिसायला अगदी एसीएसचा, आणि उघडलं तर एकतर काहीच नाही किंवा भलत्याच विषयाचा पेपर. म्हणून डीओआय लिहिलाय का हे बघून भागत नाही, तो उघडून बघायला लागतो. मागे घेतलेल्या पेपरांचंही तसंच. रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या (रिट्रॅक्ट झालेल्या) पेपरांचा डेटाबेस २०२३ मध्ये डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफने घेऊन सगळ्यांना खुला केलाय, झोटेरो हे रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे आणि २०१९ पासून रिट्रॅक्ट झालेल्या पेपरवर स्वतःहून लाल पट्टी दाखवतं. एवढं आयतं असताना पोरं अजून वर्डमध्ये हाताने १, २, ३ टाइप करतात आणि मध्ये एक रेफरन्स घुसला की पुढचे सगळे एकाने सरकतात आणि मग ४७ वर जायचं तिथे ४६ वर जातो. यात पोरांचा दोष कमी आणि आपला जास्त, कोणी शिकवलंच नाही त्यांना.

पेपर मिळत नाही ही सबब पण आता तेवढी चालणार नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. जिथे ती अजून पोचली नाही तिथल्या मुलांनी लेखकाला इमेल करावा, बरेच लोक खरंच पाठवतात.

तर मागणी काय. नवीन विषय, नवीन क्रेडिट काही नको, आहे त्यातच बसतं. पीएचडीला रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा २ क्रेडिटचा कोर्स २०१९ च्या शेवटी आलाच आहे, त्यात एच-इंडेक्स (संशोधकाच्या सायटेशनवरून काढलेला आकडा), इम्पॅक्ट फॅक्टर आणि प्लेजरिझमची सॉफ्टवेअर शिकवतात, त्यातले दोन-तीन तास काढून एक प्रोसिजर मुळापर्यंत शोधत न्यायला लावा. प्रत्येकाने आपल्या प्रॉजेक्टमधली एक घ्यायची, मागे मागे जायचं, आणि मूळ पेपरात आकडे काय होते आणि आपल्या हातात येईपर्यंत काय झाले ते लिहायचं. एमएस्सीला नवीन धोरणात रिसर्च मेथडॉलॉजी आणि रिसर्च प्रॉजेक्ट दोन्ही आहेत, तिथूनच सुरुवात करता येईल, पीएचडीपर्यंत थांबूच नका कारण तोपर्यंत सवय लागलेली असते.

थिसिसच्या फॉरमॅटमध्ये पेपरचं शीर्षक आणि डीओआय सक्तीचं करा. शीर्षक असलं की निम्मे भलते रेफरन्स आपोआप दिसतात, नुसतं नाव-साल-पान असेल तर काहीही खपतं. सॉफ्टवेअरचं व्हर्जन, क्रिस्टलचा सीसीडीसी नंबर (क्रिस्टल डेटाबेसमधला नोंदणी नंबर), पेटंट असेल तर ए-वन की बी-टू म्हणजे नुसता अर्ज की मंजूर झालेलं, हे लिहायला लावा. पेटंटच्या अर्जात माणूस काहीही दावा करतो, आम्ही रोज बघतो. स्टाइल कुठलीही ठेवा, एसीएस ठेवा, आरएससी (ब्रिटनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री) ठेवा, पण एका विद्यापीठात एकच.

आणि व्हायव्हा. एक्झामिनरनी थिसिसचं शेवटचं प्रकरण उघडावं, कुठलेही पाच रेफरन्स बोट ठेवून निवडावेत, आणि विद्यार्थ्याला म्हणावं, हे आत्ता उघड आणि तू जे म्हटलंयस ते यात कुठे आहे ते दाखव. पाच मिनिटांचं काम. हे होणार आहे असं आधी जाहीर केलं तर बघा रेफरन्सची संख्या २५० वरून किती खाली येते. येऊ दे. गाईडचे सगळे पेपर, रिव्ह्यूअरने सुचवलेले त्याचे स्वतःचे पेपर, एचओडींचा मान म्हणून टाकलेले, यातले जे कामाचे नाहीत ते गळतील, आणि गाईडनाही जरा पंचाईत होईल, त्याला माझा नाइलाज आहे.

फ्रेशरच्या इंटरव्ह्यूला मी सध्या हेच करते. पोरं हुशार असतात, एनएमआर वाचतात, मेकॅनिझम काढतात, आणि स्वतःच्याच रिपोर्टमधला रेफरन्स उघड म्हटलं की गप्प होतात. ते बघून मला त्यांचा राग येत नाही, मार्कशीटवर ओ ग्रेड देणाऱ्यांचा येतो.

तुमच्यापैकी कोणत्याही डिपार्टमेंटला हे एकदा करून बघायचं असेल तर कुठल्याही शनिवारी मी यायला तयार आहे, मानधन नको, टीए-डीए नको. लॅपटॉप मी आणते, फक्त चालू इंटरनेट द्या, आणि मागच्या वर्षी मंजूर झालेला एक थिसिस टेबलावर ठेवा. कुणाचाही चालेल.

आपली,
एक प्रोसेस केमिस्ट, अंबरनाथ